उशिरा आलेल्या बायांचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात हुडकेश्वरमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर झाले. एका सकाळी गरोदर स्त्रियांच्या आरोग्यावर व्याख्यान होते. व्याख्याते डॉक्टर भले गृहस्थ होते. दिवस राहिल्यापासून बारा आठवड्यांच्या आत दवाखान्यात नाव टाकले पाहिजे, हे त्यांनी तळमळीने सांगितले. मग म्हणाले, या वस्तीतल्या बाया पाचव्या-सहाव्या महिन्यात उगवतात, आणि त्याचे कारण एकच, अज्ञान. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. मी इतिहास शिकवते, प्रत्येक घटनेमागे कारणपरंपरा असते असे वर्गात सांगते. पण त्या दिवशी मीही तोच शब्द उचलला आणि अज्ञानाचा अंधकार दूर करण्याचे आवाहन करून मोकळी झाले.

संध्याकाळी हे मायला सांगितले. माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुया वक्ती मी तरी कोठी नाव टाकलं होतं व? सातवा लागला तवा गेली."

मी गप्प झाले, कारण माझ्या आधीच्या मुलाची गोष्ट मला ठाऊक होती. मायचे पहिले बाळंतपण १९८८ सालचे. त्या वेळी ती रेजा म्हणून बांधकामावर जात होती. आठव्या महिन्यात पाय सुजले, डोके ठणकू लागले. बाई, हे असेच असते, असे सगळ्यांनी सांगितले. मग झटके आले. बैलगाडी, मग टेम्पो करून तिला एका सरकारी दवाखान्यात नेले. माय वाचली, मूल गेले. रक्तदाब वाढून येणारे झटके वेळीच ओळखता येतात. साध्या दाबयंत्राने आणि लघवीच्या तपासणीने धोक्याची सूचना मिळते. गरोदरपणातल्या तपासणीचे समर्थन करण्यासाठी याहून मोठा पुरावा मला नको आहे. तेव्हा या लेखातून कोणी असा अर्थ काढू नये की उशिरा गेले तरी चालते. चालत नाही. आमच्या घरात ते चालले नाही.

परंतु प्रश्न पुढचा आहे. जिचे मूल असे गेले, ती बाई पुढच्या खेपेला तरी पहिल्या महिन्यातच धावत गेली पाहिजे, असे तर्क सांगतो. माझी माय गेली नाही. तिला कळत नव्हते काय? चांगले कळत होते. मग डॉक्टरांचा अज्ञानाचा सिद्धान्त इथे कोलमडतो, आणि ज्याला आपण सरसकट उशीर म्हणतो त्याचा इतिहास तपासणे भाग पडते.

आधी हा उशीर मोजणारे घड्याळ किती जुने आहे ते पाहू. गरोदर स्त्रीला आजारी पडण्याआधीच नियमितपणे तपासावे ही कल्पना जगातच नवी आहे. एडिंबरोचे डॉ. बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये गर्भवतींसाठी स्वतंत्र रुग्णालयाची मागणी केली, तिथून ती वाढली. इंग्लंडच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये तपासण्यांचे जे वेळापत्रक घालून दिले, त्यात पहिली तपासणी सोळाव्या आठवड्यात होती. म्हणजे आज माझ्या शेजारणीला जो उशीर म्हणून ऐकावा लागतो, तो तेव्हाच्या लंडनमध्ये शिस्तीचा नमुना ठरला असता. पुढे वैद्यकज्ञान वाढले आणि २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना बारा आठवड्यांच्या आत पहिली भेट आणि एकूण आठ भेटी सांगते. ते योग्यच आहे. मात्र घड्याळ पुढे सरकवणाऱ्यांनी आमच्या बायांचे पाय कशात अडकले आहेत हे पाहिले काय?

आमच्याकडे बाळंतपणाचे काम कोणाचे होते? रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मांग जातीची ओळखच अशी दिली आहे की पुरुष वाजंत्री वाजवतात, बैल खच्ची करतात आणि बायका सुईणपण करतात. मी त्याच मातंग समाजातली. माझी आजी उमरेडकडच्या एका खेड्यात सुईण होती. गावात कोणाचेही बाळंतपण असो, कळा सुरू झाल्या की आजीला निरोप यायचा. ती मागच्या दाराने आत जायची, मूल सोडवायची, नाळ कापायची, वार पुरायची, विटाळाचे कपडे धुवायची. बदल्यात पायली-दोन पायली धान्य आणि एखादे जुने लुगडे. पाचव्या दिवशी बाळंतिणीला न्हाऊ-माखू घातले की घर शुद्ध व्हायचे आणि आजी पुन्हा अस्पृश्य व्हायची.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. जातिव्यवस्थेने सुईणीला ज्ञान म्हणून बोलावलेच नव्हते, घाण काढायला बोलावले होते. त्यामुळे तिचे काम शेवटच्या घटकेला सुरू होत असे. तिसऱ्या महिन्यात कोण्या पाटलिणीच्या पोटाला हात लावून मूल आडवे आहे की उभे हे पाहण्याचा अधिकार आजीला नव्हता, तेव्हा विटाळ झाला असता. नऊ महिन्यांची काळजी ही सासूची, देवीची आणि नशिबाची. बाळंतपण म्हणजे शेवटचा दिवस, ही समजूत आमच्या बायांच्या डोक्यात आपोआप उगवलेली नाही. ती व्यवस्थेने शेकडो वर्षे कामाच्या वाटणीतून रुजवली.

आणि आजीच्या स्वतःच्या लेकींची बाळंतपणे? १८५५ मध्ये मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने 'ज्ञानोदया'त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बाळंत होणाऱ्या आमच्या स्त्रीच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते आणि थंडी-पावसात तिचे काय होत असेल, हे तिने त्यात विचारले आहे. मराठी साहित्यात बाळंतिणीविषयी पुष्कळ हळवे लिहिले गेले, पण बाळंतपणाला छप्पर पाहिजे हा साधा मुद्दा मांडायला चौदा वर्षांची मांगाची पोर लागली.

इंग्रज सरकारने काय केले? १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, स्त्रियांवर स्त्री-डॉक्टरांनी उपचार करावेत म्हणून. त्याची नजर मुख्यतः पडद्यातल्या, बऱ्या घरच्या स्त्रियांकडे होती. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभा राहिला. त्या काळच्या अहवालांत दाई म्हणजे घाणेरडी, अडाणी, बाळंतिणींचा जीव घेणारी. निष्काळजीपणाने माणसे मरत होती हे खरेच. पण जिला गावाने गावाबाहेर ठेवले, पाणी भरू दिले नाही, तिला हात स्वच्छ धू म्हणून सांगणे हा विनोद नव्हे काय? असो. स्वातंत्र्यानंतरही दायांची शिबिरे झाली, त्यांना पेट्या दिल्या गेल्या, आणि २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपण दवाखान्यातच झाले पाहिजे असे ठरले तेव्हा त्या बाजूला पडल्या. दवाखान्यातले बाळंतपण सुरक्षित आहे याबद्दल मला शंका नाही. १९४६ च्या भोर समितीने दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात असा अंदाज दिला होता. २०१८-२० च्या पाहणीत हे प्रमाण देशात लाखामागे ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. एवढा फरक कोणीही नाकारू नये. मात्र वस्तीत शिरून कोणाला दिवस गेले हे आधी ओळखणारी एक बाई या बदलात नाहीशी झाली. आज ते काम आशाताईकडे आहे, आणि तिला त्याचा मोबदला कामाच्या नगावर मिळतो.

आता रोजीचा प्रश्न. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात २८ जुलै १९२८ रोजी प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा बराचसा भार सरकारनेच उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. आजच्या आपल्या चर्चेत हा दुसरा भाग कोणी आठवत नाही. बाबासाहेबांनी बाळंतपणाआधीच्या दिवसांना पैशाचे मोल लावले. तपासणीला लवकर या म्हणणाऱ्याने त्या दिवसाची रोजी कोण देणार ते आधी सांगावे, हाच त्याचा अर्थ होतो. मुंबईचा कायदा १९२९ मध्ये झाला आणि आमच्या मध्य प्रांताचा १९३० मध्ये. एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ पासून चालू होती आणि तिथे आपल्या समाजातले स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने राबत होते. मिल कामगार राधाबाई कांबळे यांनी शाही मजूर आयोगापुढे साक्ष दिली, ती याच काळात. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांपुढे भाषण केले. त्या परिषदेने गिरणी, विडी, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामगार स्त्रियांना हक्काची रजा मागितली. पुढे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४३ मध्ये खाण-कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्याची दुरुस्ती मांडली.

हा आपल्या चळवळीचा अभिमानाचा वारसा आहे. पण त्याची एक मर्यादा पाहिली पाहिजे. या सर्व कायद्यांचा पाया मस्टर होता. अमुक काळ नोकरी केलेली असली पाहिजे आणि मालकाच्या वहीत नाव असले पाहिजे. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, २०१७ मध्ये ती सव्वीस आठवड्यांची झाली. दरम्यान एम्प्रेस मिलचा भोंगा बंद पडला. मिलमधल्या बायांच्या लेकी-सुना कुठे गेल्या? ठिय्यावर. घरकामाला. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायला. जिथे मस्टर नाही तिथे रजा नाही, आणि रजा नाही तिथे गरोदरपण ही लपवायची गोष्ट होते.

हुडकेश्वरचे उदाहरण घ्या. हे शहराबाहेरचे खेडे होते. शेतांचे ले-आऊट पडले, प्लॉट विकले गेले, आणि २०१३ मध्ये हुडकेश्वर-नरसाळा महानगरपालिकेच्या हद्दीत आले. इथली दोनमजली घरे ज्यांनी बांधली त्यांत निम्म्या बाया असतील. त्यांच्यापैकी कित्येकजणी बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेल्या. आमच्या मागच्या गल्लीत अशीच एक रेजा राहते. तिला पाचवा लागला होता, पण सैल झंपर आणि वर नवऱ्याचा शर्ट घालून ती घमेले उचलत होती. मी तिला बारा आठवड्यांचे प्रवचन दिले. ती हसली. "मॅडम, नाव टाकाले गेली त रोजी पडते. एक दिवस कार्ड काढाले, एक दिवस रक्ताले, एक दिवस सोनोग्राफीले. अन् ठेकेदाराले समजलं त उद्यापासून येऊ नोको म्हणते. मग खाऊ काय?"

म्हाळगीनगर, मानेवाडा, तुकडोजी पुतळा, मग मेडिकल चौक, हे अंतर नकाशावर फार नाही. तिच्या दृष्टीने ते तीन रोजींचे आहे. आपल्या भाषेत गरोदर राहण्याला दिवस जाणे म्हणतात. तिचे दिवस दोन्ही अर्थांनी जातात.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी तासिका तत्त्वावर शिकवते. ज्या महाविद्यालयात मी तेव्हा होते, तिथे तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. सुट्टीत काही नाही. बाळंतपणाची रजा कशी मागायची याचा अर्जच नव्हता, कारण आम्ही कर्मचारीच नव्हतो. मला दिवस गेले तेव्हा सत्र नुकते सुरू झाले होते. बातमी फुटली तर माझे तास दुसऱ्याला जातील ही भीती होती. दवाखान्याची वेळ सकाळची, माझे तासही सकाळचे. मी एम. ए., सेट. रक्तदाब कशाने वाढतो आणि माझ्या मायचे पहिले मूल कशाने गेले हे मला पाठ होते. माझी पहिली तपासणी अठराव्या आठवड्यात झाली! साडीच्या पदराने पोट झाकून मी स्त्री-मुक्तीचा इतिहास शिकवला. माझ्या आणि त्या रेजाच्या उशिराचे कारण एकच होते, फक्त माझ्या हातात खडू होता. माझ्याच वर्गातल्या सहकारी बाई, ज्या कायम पदावर होत्या, त्यांनी सहाव्या आठवड्यात नाव टाकले आणि पुढे भरपगारी रजा घेतली. त्यांना जागरूक म्हणतात.

मायचे कारण मात्र थोडे वेगळे होते, आणि ते अजून अवघड आहे. पहिल्या खेपेला झटके आलेल्या अवस्थेतून ती शुद्धीवर आली, तेव्हा खाटेशी उभ्या असलेल्या बाईने सगळ्या वॉर्डासमोर तिला झापले. आधी मेली होतीस काय, आता आलीस ते? केसपेपरवर जात लिहिताना काय बोलले गेले ते माय आजही पुरते सांगत नाही. आणि मूल गेलेल्या त्या बाईला तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारून गेले, ऑपरेशन करून घेतेस का?

हा प्रश्न कुठून आला, तेही इतिहासात पाहावे लागते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते आणि पी. जे. रोहम यांनी ते मांडले. स्त्रीला कोणत्याही कारणाने गर्भ नको असेल तर तो टाळता आला पाहिजे आणि निर्णय तिचा असला पाहिजे, ही त्यातली भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. अडतीस वर्षांनी, १९७६ मध्ये, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आले नाही, पण १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणीनंतर पुरुषांची नसबंदी बदनाम झाली आणि उद्दिष्टांचा सारा भार स्त्रीच्या पोटावर आला. ही उद्दिष्टे १९९६ मध्ये अधिकृतपणे काढून टाकण्यात आली. माझ्या मायची दोन्ही बाळंतपणे त्याआधीची. गरोदर म्हणून नाव लिहिले की तेच नाव दुसऱ्या यादीत जाते, हे वस्तीतल्या बायांना ठाऊक होते, आणि ते चूक नव्हते. दोन मुले असलेली, तिसऱ्यांदा दिवस गेलेली बाई आजही सर्वात उशिरा येते. का येणार नाही? जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत एकोणीस वर्षे वयाची आणि दोनच मुलांची अट २०१३ पर्यंत होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान ६००० रुपये कबूल केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ते ५००० केले, तेही पहिल्याच जिवंत अपत्यासाठी, तीन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता १५० दिवसांच्या आत नाव नोंदवले तर. सुरुवातीला नवऱ्याचे आधारही मागत. आधारवर माहेरचे नाव आणि बालाघाटचा पत्ता असलेल्या बाईने काय करावे? २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये मिळू लागले. सर्वात कष्टणारी, सर्वात रक्त कमी असलेली तिसरी-चौथी खेप या हिशेबात बसत नाही.

इथपर्यंत सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून थांबणे सोयीचे झाले असते. पण आपल्या घरांत काय आहे? तीन महिने कोणाला सांगायचे नाही, नजर लागते, हे माझ्या मायनेच मला सांगितले होते, आणि मी ऐकले. पहिले बाळंतपण माहेरी म्हणून सासरचे नाव टाकत नाहीत, आणि सातव्यात ओटी भरून माहेरी जाईपर्यंत माहेरचेही नाही. दवाखान्यात जायला सोबत कोण येणार हे नवरा ठरवतो. जयंतीच्या वर्गणीसाठी वस्तीतले तरुण दारोदार फिरतात, त्यांच्यापैकी किती जणांनी बायकोसाठी एक रोजी पाडली आहे? १९४२ च्या परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची आणि मुलांची घाई करू नका असे सांगितले होते. ते स्त्रियांपुढे बोलले म्हणून ते पुरुषांना लागू नव्हते, असे आपण समजून बसलो आहोत.

आणि विदर्भात आपल्याला हा हलगर्जीपणा परवडणारा नाही, याचे कारण सिकलसेल. इथल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात तो मोठ्या प्रमाणात आढळतो, हे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९५८ पासून दाखवायला सुरुवात केली. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भाला आजार आहे की नाही हे दहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन तपासता येते. पण त्याआधी आईचे रक्त तपासायला हवे, मग नवऱ्याचे. आमच्या ओळखीच्या एका घरात सून पाचव्या महिन्यात गेली, ती वाहक निघाली. नवऱ्याने माझ्या रक्ताचा काय संबंध म्हणत आणखी दोन महिने घालवले. आज त्यांचा मुलगा दर थंडीत अंगदुखीने तळमळतो आणि बाप त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढतो. लवकर कळले असते तर काय करायचे तो निर्णय त्या आईचा असता. तो तिच्या हातात कधी आलाच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५८.६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते ७० टक्के झाले. म्हणजे बाया लवकर येऊ लागल्या आहेत. उरलेल्या तीस टक्क्यांत कोण आहे, हे मी त्या गल्लीत पाहते आहे. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये कितव्या आठवड्यात आली हा रकाना असतो. का उशीर झाला हा रकाना मी अजून पाहिला नाही.

म्हणून आम्ही काही जणींनी एक वही केली आहे. माझ्या वर्गातल्या चार मुली दर रविवारी संध्याकाळी, रोजीहून बाया परतल्यावर, वस्तीत जातात आणि एवढेच विचारतात की कितव्या महिन्यात गेलीस, आणि त्याआधी का जाता आले नाही. नाव लिहीत नाहीत. आशाताईही येऊन बसते, तिलाही बोलायचे असते. सायंकाळचा दवाखाना आणि तपासणीच्या दिवसाची रोजी, या दोन मागण्या वहीत पुन्हा पुन्हा येतात. त्या घेऊन आम्ही महानगरपालिकेकडे जाणार आहोत. ज्या कार्यकर्त्यांना आपापल्या वस्तीत अशी वही करायची असेल त्यांनी जरूर करावी, नमुना मागवण्याची गरज नाही, दोनच प्रश्न आहेत. मागच्या गल्लीतली ती रेजा सहाव्या महिन्यात गेली, नऊ तारखेला, तिच्या सोबत माझी माय गेली होती. तिच्या अंगात रक्त फार कमी निघाले. त्या दिवसाची रोजी पडली, ती आम्ही वर्गणीतून दिली.